खाटेवरून ऐकलेला माळवा : कुमार गंधर्व आणि निर्गुण गाण्याचं एक प्रकरण

१९४८च्या सुरुवातीला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ हे तेवीस वर्षांचे गवई मुंबई सोडून माळव्यातल्या देवासला राहायला गेले. कुमार गंधर्व या नावानं ते लहानपणापासून गाजत होते. नुकतंच लग्न झालं होतं, फुफ्फुसाला क्षय झाला होता आणि डॉक्टरांनी गाणं साफ बंद केलं होतं. १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा ख्यालगायकीच्या जोडीला त्यांच्याकडे माळवी लोकधुनांचा मोठा साठा होता. कबीर-गोरखांच्या निर्गुण पदांचं बीजही याच काळात पडलं होतं. ही पदं पुढे मराठी घरांत अशी काही रुजली की देवळाची पायरी न चढणारा, सत्यनारायणाला नाक मुरडणारा माणूसही पहाटे ‘उड जायेगा हंस अकेला’ लावून गप्प बसलेला दिसतो. त्याला तिथे नेमकं काय मिळतं आणि ते तिथवर कसं पोचलं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

संगीतातून अध्यात्माकडे जाण्याची उदाहरणं आपल्याकडे ढिगानं आहेत. हेच निवडलं, कारण इथे मधल्या पायऱ्या दिसतात. संतचरित्रात माणूस एका रात्रीत बदलतो आणि आपण हात जोडून पुढे जातो. इथे तसं नाही. काय ऐकलं, त्याचं काय केलं, ते गळ्यातून कसं काढलं, याचा बराचसा माग लागतो.

प्रचलित गोष्ट

सर्वत्र सांगितली जाते ती गोष्ट अशी. तरुण गवई मरणाच्या दारात पडून आहे. घरावरून एक नाथपंथी जोगी गात जातो. ते सूर काळजात उतरतात, गवई बरा होतो आणि संत होऊन गाऊ लागतो. गोष्ट देखणी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. देवासच्या रस्त्यांवरून जोगी गात हिंडत असत आणि ते गाणं कुमारांच्या कानी पडलं, यात शंका नाही. पण ती ज्या क्रमानं सांगतात तो क्रम मला पटत नाही. आधी साक्षात्कार, मग गाणं, असा तो क्रम आहे. उपलब्ध सगळं पाहिलं तर दिसतं उलट: एका कसबी माणसाला गाण्यातला एक प्रश्न पडला, तो सोडवताना जे करावं लागलं, त्याच्या पोटात ही दुसरी गोष्ट सापडली. ‘आजारानं अध्यात्म दिलं’ हे म्हणणं तर आजाराला फुकटचं श्रेय देणं आहे. त्या काळात क्षयानं लाखो माणसं खाटेला खिळली होती.

आजाराआधीचा गळा

कुमारांचा जन्म ८ एप्रिल १९२४चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घर लिंगायत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी लहानपणी एका लिंगायत मठाच्या स्वामींनी दिलेली. पदवी मिळण्याचं कारण विलक्षण होतं. रीतसर शिक्षण काहीही नसताना हा मुलगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, बालगंधर्व यांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचा. सूर, हरकती, शब्दांची लकब, सगळं जसंच्या तसं. साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आला आणि विशीत त्याच विद्यालयात शिकवूही लागला. देवधर एकाच घराण्याचं कुंपण घालणारे गुरू नव्हते. त्यांच्याकडे नाना घराण्यांच्या गवयांची ये-जा असे आणि विद्यार्थ्यानं सगळ्यांचं ऐकावं असा त्यांचा आग्रह असे.

हे सगळं इथे सांगतोय ते एका कारणासाठी. या माणसाचा कान आणि गळा यांच्यात जवळजवळ अंतरच नव्हतं. कानात पडलं की गळ्यातून निघालं. नकलेचं हे वरदान कलावंताला पुढे गळफास होऊ शकतं. ऐकलेलं मुरायला वेळच मिळत नाही, आणि मुरण्याआधीच टाळ्या पडतात.

खाट

क्षयावर तोवर खात्रीचं औषध नव्हतं. विश्रांती, सकस आहार आणि कोरडी हवा, एवढाच उपाय. माळव्याच्या पठाराची हवा त्यासाठी चांगली समजली जाई. समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंची, मुंबईचा दमटपणा नाही. माळव्याच्या रात्रींचं कौतुक तर ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ अशा शब्दांत जुन्या लोकांनी करून ठेवलंच आहे. शिवाय देवास हे पवारांचं मराठी संस्थान. थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात. गावात मराठी कुटुंबं होती, रजब अली खाँसारखे बुजुर्ग उस्ताद होते, जवळ इंदूरला रामूभैया दात्यांसारखे रसिक होते. म्हणजे गवयाला अगदीच परक्या मुलखात टाकलं होतं असं नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३चा, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातला. भारतात ते औषध मिळणं सुरुवातीला मुश्कील आणि महाग होतं. ते मिळालं आणि लागू पडलं म्हणून कुमार वाचले. अध्यात्माच्या गोष्टीत या इंजेक्शनांना सहसा जागा मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. तशीच जागा भानुमतीबाईंनाही मिळत नाही. त्या कराचीच्या, मूळ आडनाव कंस, देवधरांकडेच शिकलेल्या. १९४७ साली कुमारांशी त्यांचं लग्न झालं. देवासला शाळेत नोकरी करून त्यांनी घर चालवलं, रोग्याची शुश्रूषा केली आणि लोकगीतं गोळा करण्याच्या कामात साथ दिली. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या गेल्या. देवासच्या टेकडीच्या पायथ्याच्या त्यांच्या घराचं नाव ‘भानुकुल’ आहे ते त्यांच्यावरून. एका माणसाला पाच वर्षं नुसतं ऐकत पडून राहता आलं, यामागे दुसऱ्या माणसाचा पगार होता.

आता खाटेवरून काय ऐकू येतं? मैफल नाही, तबकडी नाही. लग्नाच्या घरातून येणारी बायकांची गाणी, सणावाराची गाणी, पावसाची गाणी, बाजाराच्या वाटेवरची आरोळी, जोग्याचं पद. हे सगळं तुकड्यातुकड्यानं, लांबून, वाऱ्यावर हेलकावत. आणि ऐकलेलं गाऊन बघायची सोय नाही. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. ज्याचा गळा कानाच्या पुढे धावायचा, त्याला पहिल्यांदाच नुसतं ऐकावं लागलं. ऐकलेलं आतच राहिलं, तिथेच उलटसुलट झालं. नक्कल करायची वाटच बंद झाल्यावर प्रश्न बदलतो. ‘हा हे कसं गातो?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे गाणं असं का आहे?’ हा प्रश्न येतो.

धुनेपासून रागाकडे

या प्रश्नातून आधी जे निघालं ते अध्यात्म नव्हतं, ते शुद्ध सांगीतिक होतं. माळवी धुना चार-पाच सुरांत फिरतात. पण त्या चार-पाच सुरांत एखादी ठरावीक वळणाची जागा अशी असते की तिथे रागाचं बीज दिसतं. राग हे लोकधुनांतूनच निघाले, असं पुस्तकात सगळेच वाचतात. कुमारांनी ती प्रक्रिया स्वतः करून पाहिली. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, संजारी, मधसुरजा, अहिमोहिनी हे त्यांचे ‘धुनउगम’ राग अशाच धुनांतून आले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी आहेत, आणि माळव्याच्या लोकधुनांचे, ऋतूंच्या गाण्यांचे स्वतंत्र कार्यक्रमही त्यांनी पुढे केले.

हा टप्पा पटकन ओलांडतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. ज्या बायका ही गाणी म्हणत होत्या त्या कुणासाठी गात नव्हत्या. समोर श्रोता नव्हता, ‘वाहवा’ नव्हती. गाणं कामाचा, विधीचा, दिवसाचा भाग होतं. दहाव्या वर्षापासून टाळ्यांत वाढलेल्या मुलाला हे गाणं म्हणजे नवाच मुलूख असणार.

शीलनाथांची धुनी

देवासला नाथपंथी योगी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. धाकट्या पातीच्या मल्हारराव पवारांची त्यांच्यावर श्रद्धा होती. तिथे निर्गुणी भजनं गायची परंपरा होती आणि अशा पदांचा छापील संग्रहही होता. कुमारांच्या कित्येक पदांचा पाठ याच परंपरेतला. त्यामुळे त्यांचा कबीर विद्यापीठातल्या कबीरापेक्षा वेगळा आहे. ‘बीजक’ हा कबीरपंथाचा ग्रंथ उघडून ही पदं शोधायला गेलात तर बरीचशी सापडणार नाहीत. पदाच्या शेवटी कबीराचं नाव आहे, कुठे गोरखाचं आहे, आणि आतली भाषा नाथांच्या योगाची: इंगला, पिंगला, सुखमन या नाड्या, शून्य शिखर, अनहद नाद.

मराठी वाचकाला ही भाषा परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी आठवा. ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ आणि त्यांचे गुरू गहिनीनाथ, म्हणजे आपली भागवत परंपराही नाथांच्याच अंगणातून आली आहे. पण पुढे आपल्याकडे सगुण विठ्ठल इतका मोठा झाला की ती योगाची भाषा ग्रंथात राहिली. कानाला सवय टाळ-मृदंगाची, समूहाची झाली. पंढरीच्या वाटेवर कुणी एकट्यानं गात नाही. देवासच्या जोग्याचं गाणं नेमकं एकट्याचं होतं.

कुमारांना त्या जोग्यांच्या गाण्यात जी गोष्ट खटकली (चांगल्या अर्थानं खटकली) ती म्हणजे आवाजाची फेक. रियाज केलेला गळा नाही, सुरांची बारीक कलाकुसर नाही, आणि तरी गाणं संपल्यावर एक पोकळी उरते. शून्याविषयी गाणारा माणूस आवाजानं शून्य उभं करतोय. हे तो कशानं साधतो? पुढे अनेकदा त्यांनी निर्गुणाबद्दल बोलताना ही फेक आणि हा एकांत यांचाच उल्लेख केला आहे. भक्तीचा ओलावा, डोळ्यांत पाणी, असला सूर त्यांच्या बोलण्यात नाही. सुतार सांध्याबद्दल बोलतो तसं ते निर्गुणाबद्दल बोलत.

एक पद, जवळून

‘निर्भय निर्गुण गुण रे गाऊंगा’ हे पद घेऊ. कुमार आणि वसुंधराताई कोमकली यांनी मिळून गायलेलं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. (भानुमतीबाई गेल्यानंतर १९६२ साली कुमारांचं वसुंधराताईंशी लग्न झालं. त्या स्वतः उत्तम गायिका; २००६ची पद्मश्री त्यांच्या नावावर आहे. या पदात त्यांचा आवाज काढून टाकला तर अर्धं पद जाईल.)

पहिला शब्द ‘निर्भय’. तो ठणकावून येतो, पूर्ण आवाजात, कसलीही प्रस्तावना न करता. लगेच पुढचा ‘निर्गुण’ मात्र सैल पडतो, जरा मागे सरतो. निर्भय हा पवित्रा आहे, तिथे छाती पुढे काढता येते. निर्गुणापुढे छाती काढून काय करणार? दोन शब्दांमधला हा आवाजाचा फरक म्हणजेच त्या ओळीचं भाष्य आहे. निरूपणकारानं पाऊण तास घेतला असता.

पुढचा अंतरा योगाचा आहे: मूलाधाराच्या कमळावर आसन घट्ट बांधीन, वारा उलटा चढवीन. ‘उलटी पवन चढाऊंगा.’ एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेला माणूस श्वास उलटा चढवायची भाषा गातो आहे. इथे कुणालाही गहिवरून येईल, मलाही येतं. पण ऐकताना लक्षात येतं की कुमार तिथे गहिवर अजिबात ठेवत नाहीत. ओळ कामाच्या सूचनेसारखी येते. आधी हे करीन, मग ते करीन. पाचही तत्त्वं एकत्र आणीन, पाच-पंचवीस जणांना धरून एकाच दोरीला बांधीन. शेवटी जिंकल्याचा डंका वाजवीन. प्रत्येक कडव्याचा शेवट ‘-ऊंगा’नं होतो, म्हणजे निश्चय भविष्यकाळातला आहे. सिद्धाचं हे गाणं नाही, साधकाच्या निश्चयाचं आहे. आणि तो निश्चय प्रत्येक कडव्यानंतर त्या पहिल्या ठणकावलेल्या ‘निर्भय’वर परत येतो.

याच्या शेजारी ‘सुनता है गुरु ग्यानी’ ठेवून ऐका. गगनात आवाज होतोय, कसा, तर ‘झीनी झीनी’. झीनी म्हणजे आपल्याकडची झिरझिरीत. या शब्दावर आवाज बारीक होत होत असा पातळ होतो की शब्द संपला कधी आणि तानपुरा उरला कधी हे कळत नाही. आणि कळू नये हीच योजना आहे.

तानपुरा

तानपुरे लावण्याबाबत कुमार किती काटेकोर होते याच्या आठवणी त्यांच्या सगळ्या शिष्यांकडे आहेत. श्रोते येऊन बसलेले असले तरी जोडी मनासारखी लागल्याशिवाय ते सुरुवात करत नसत. हा लहरीपणा नव्हता. या प्रकरणातला सर्वांत ठोस पुरावा इथेच आहे.

तानपुऱ्याला चार तारा. पंचम, दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि खर्ज. घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून जवारी काढतात. त्यामुळे तार घोडीच्या उतारावर हलकेच घासत कंप पावते आणि एका सुराबरोबर त्याचे वरचे अनेक अंश झणझणीत ऐकू येतात. खर्ज समजा ७० हर्ट्झला लागला, तर त्याचा तिसरा अंश २१० हर्ट्झ, म्हणजे पंचम. पाचवा ३५० हर्ट्झ, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. चारही तारांपैकी एकही गंधाराची नाही, कुणी गंधार छेडलेला नाही, तरी तो स्वच्छ ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात उभं राहून जवारी लावताना ऐकलंत तर तो गंधार उगवतो ती घटका कानाला कळते. दोरा किंचित सरकला की हजर, आणखी किंचित सरकला की गायब.

आता ‘अनहद’ म्हणजे न छेडता उठलेला नाद, हे योग्यांचं म्हणणं आणि हा स्वयंभू गंधार एकच, असं मी म्हणणार नाही. तो अंशस्वर आहे, त्याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. पण जो माणूस तासन् तास दोन तानपुऱ्यांत बसून कुणीही न वाजवलेला सूर ऐकत असतो, त्याला ‘शून्य शिखर पर अनहद बाजे’ ही ओळ निव्वळ रूपक वाटत नसणार. ती रोजच्या कामाच्या अनुभवाला लागून आहे. ऐकणाऱ्यालाही हेच होतं. कुमार ‘अकेला’ म्हणून थांबतात आणि ती जागा रिकामी नसते, तानपुरा ती भरून काढतो. गायलेल्या सुरापेक्षा न गायलेल्या जागेकडे कान जातो. गप्प बसून तिकडे लक्ष जाणं, ही गोष्ट ध्यानाला बसवणारे शिक्षक महिनोन् महिने शिकवतात. इथे ती चार मिनिटांत, नकळत घडते.

सत्यनारायणाला नाक मुरडणाऱ्या आपल्या माणसाला पहाटे जे मिळतं ते बहुधा हे. त्याच्यापुढे मूर्ती नाही, नवस नाही, मान्य करायचं कुठलंही विधान नाही. ‘विठ्ठल’ म्हटलं की त्याच्या मनात वाद सुरू होतो; ‘शून्य’ म्हटल्यावर वाद कशाशी घालणार? भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’त हाच श्रोता टाळी धरतो, ओठ हलवतो, शेजारच्याकडे बघून हसतो. कुमारांच्या निर्गुणाला कुणी टाळी धरत नाही. दोघेही उत्तर कर्नाटकातले, वयात दोन वर्षांचं अंतर, आणि ऐकणाऱ्याला नेऊन सोडतात ते दोन टोकांना.

हरकती

पहिली हरकत गाण्यातल्या जाणकारांची. कुमारांचं गाणं तुटक आहे, लहान लहान तुकड्यांचं आहे, आवाज मध्येच फुटतो मध्येच लपतो, आणि हे सगळं फुफ्फुसाच्या अपुरेपणाचं भांडवल आहे, असं त्या काळी बरेच जण म्हणत. दम कमी पडत होता हे खरंच. पण दम कमी पडणारा माणूस दम चोरतो. कुमारांनी तसं केलं नाही. त्यांनी थांबायच्या जागा उघड्यावर आणल्या. अपुरेपणातून शैली झाली असेल, पण तशा अपुरेपणाचे सगळेच काही कुमार झाले नाहीत.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे आणि ती देवासच्याच आसपासची आहे. माळव्यात कबीर गाणाऱ्या मंडळ्या आजही आहेत, आणि त्यांत दलित समाजातले गायक मोठ्या संख्येनं आहेत. लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे त्यांतलं सर्वांत ठाऊक नाव. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पेशानं ते शिक्षक होते. एका हातात पाच तारांचा तंबुरा, दुसऱ्यात करताल, सोबत ढोलक आणि मंजिरे. गाता गाता ते थांबतात, अर्थ सांगतात, समोरच्याला प्रश्न विचारतात, पुन्हा गातात. त्यांचा कबीर जातीवर बोलतो, पंडित आणि मुल्ला दोघांचीही सालं काढतो. १९९०च्या दशकात ‘एकलव्य’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं देवासला अशा मंडळ्यांसाठी ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. गावोगावचे गायक रात्रभर गायचे आणि मध्ये वाद घालायचे: कबीराला पूजायचं की मानायचं, आरती करायची की नाही, शिवाशिव पाळणाऱ्यानं कबीर गावा का.

या बाजूनं पाहिलं तर कुमारांची निवड एकांगी दिसते. त्यांनी योगाची, एकांताची, मृत्यूची पदं प्रामुख्यानं घेतली. भांडणारा कबीर त्यांच्या गाण्यात फारसा येत नाही. त्यामुळेच तो मध्यमवर्गीय दिवाणखान्यात इतक्या सुखानं बसला, असं कुणी म्हटलं तर मला उत्तर सुचत नाही. ‘शून्य’ म्हटल्यावर वाद कशाशी घालणार, असं मी वर लिहिलं. मंडळीतला गायक म्हणेल की वाद घालण्यासाठीच तर कबीर आहे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला निर्गुण ऐकून जी शांती मिळते, तिच्यात या प्रश्नांपासून मिळालेली सुटी किती, हे ज्याचं त्यानं बघावं.

तरी एक गोष्ट मंडळीवाल्यांनाही मान्य करावी लागते, आणि त्यांतले काही ती करतातही: माळव्याबाहेर या पदांची ओळख झाली त्यात कुमारांचा वाटा मोठा आहे. आणि कुमारांनी ही पदं घेतली ती याच मातीतून, अशाच रस्त्यावरून जाणाऱ्या आवाजांकडून. त्या जोग्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पद्मभूषण १९७७, पद्मविभूषण १९९० या नोंदी आहेत; खाटेवरच्या माणसाला पहिला सूर कुणाचा ऐकू आला, त्याची नोंद नाही.

ऐकायचं असेल तर

दोन सूचना. पहिली, ‘मन शांत करणारं संगीत’ अशा याद्यांत ही पदं पावसाच्या आवाजात मिसळून, वर बासरी चढवून मिळतात. ती ऐकू नका. तानपुरा तिथे पहिल्यांदा मरतो, आणि तानपुरा गेला की मागे राहतं ते फक्त एक गोड हिंदी गाणं. शक्य तर मैफलीतलं ध्वनिमुद्रण घ्या, ज्यात आधी राग गायला आहे आणि निर्गुण शेवटी आलं आहे. दोन तास ख्याल ऐकून तापलेला कान आणि भ्रमणध्वनीवर आयतं पद लावणारा कान यांत फरक पडतो.

दुसरी, कुमारांचं एखादं पद ऐकून झालं की माळव्यातल्या एखाद्या मंडळीचं कबीर-भजन लगेच लावा. शब्द पुष्कळदा एकाच घरातले निघतील. चाल, वेग, पाठ सगळं बदललेलं असेल. एकात ओळ संपल्यावर तानपुरा उरतो, दुसऱ्यात ओळ संपायच्या आत चार माणसं ती उचलतात आणि ढोलक त्यांना पुढे ढकलतो. मला स्वतःला पहिलं जास्त जवळचं आहे, ते माझ्या कानाच्या सवयीमुळे. ओळखीतल्या एका बाईंना दुसरंच भावलं. कुमारांचं ऐकून त्या म्हणाल्या, ‘फार छान आहे हो, पण यात मी कुठे बसू?’